एकादशीला चीज चालतं का?

नाशिक, २० नोव्हेंबर

प्रिय हर्षाली,

हे 'प्रिय' दोनदा खोडलं आणि मग तसंच ठेवलं. नको असेल तर तिकडे तू खोड.

तू सांगितलंस म्हणून पत्र लिहितोय. तुझं म्हणणं असं, की मी फोनवर भांडतो, मेसेजवर त्याहून जास्त भांडतो, आणि माझं भांडण वाचायला तुला शाळेमागची टेकडी चढून रेंज शोधावी लागते. त्यापेक्षा पत्र बरं, टपाल नेणाऱ्या राजूची जीप तुमच्या सुरगाण्याला निघेपर्यंत राग उतरतो. साफ चूक. जीप परवा निघणार आहे आणि माझा राग जागच्या जागी आहे. कुणावर आहे ते मात्र आता आठवत नाही.

नोकरी चालू आहे. हो, अजून तीच. गंगापूर रोडवरचं रिदा मॅडमचं चीजचं दुकान. मागच्या खोलीत थोडं चीज त्या स्वतः बनवतात, बाकीचं बाहेरून येतं, आणि मी काउंटरवर एप्रन घालून कापून देतो. घरी बाबा पाहुण्यांना अजून सांगतात, "आमचा खंडेराव इंजिनिअरिंगला होता." त्या 'होता'वर ते असा काही जोर देतात की मी वारलोय असं वाटावं. आता सरांनी वर्गातून बाहेर जा म्हटलं. मी गेलो. परत ये असं कुणी म्हटलंच नाही, त्याला मी काय करू?

सोबत चीज पाठवतोय. ताजं आहे, मऊ, काल बनवलेलं. तू शिकवतेस त्या आश्रमशाळेत फ्रिज नाही म्हणून बर्फ केलेल्या बाटलीला बांधलंय. आल्या आल्या खा. तूच खा. वाटत बसू नकोस.

तुझाच,
खंडू

*

आश्रमशाळा, २४ नोव्हेंबर

खंडू,

'प्रिय' खोडलेलं नाही. फुगू नकोस, पेन सापडलं नाही.

चीज पोचलं. राजूने ते डिझेलच्या कॅनला टेकवून आणलं होतं, पण बाटलीत बर्फ होता. वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या रंगूबाईंना आणि मुलींना फार आवडलं. रंगूबाई म्हणाल्या, "जमलेलं लोणी हाय जणू."

आता कामाचं. माझी वत्सला आत्या तुला माहीत आहे. म्हणजे नाव माहीत आहे, तू तिच्यासमोर कधी गेलेला नाहीस, कारण मी जाऊ दिलं नाही. शेजारच्या मुलीने तिला एकदा पोळीवर चीज किसून दिलं आणि तेव्हापासून म्हातारीला त्याची गोडी लागली. पण आत्या माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, अंड्याचा केकसुद्धा घरात येत नाही. आणि तिच्या भजनी मंडळातल्या सुलाबाईंनी सांगितलं, चीजमध्ये वासराच्या पोटातलं काहीतरी असतं. झालं, आत्याने खाणं बंद केलं, पण जीव अडकलाय. फोनवर विचारते, "हर्षा, खरं असेल का गं ते?"

तू त्याच दुकानात आहेस. आत्याकडे म्हसरूळला जा, नीट समजावून सांग. तुझी नि तिची पहिलीच भेट आहे, तेव्हा आवाज खाली. ती बोलेल तेव्हा तू गप्प.

हर्षाली

*

नाशिक, १ डिसेंबर

प्रिय हर्षाली,

जिंकलो!

काल सुट्टी होती. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. दार उघडल्यावर वाकून नमस्कार केला, म्हटलं, "आत्या, मी खंडेराव." तर म्हणाल्या, "मी तुझी आत्या कधीपासून झाले?" पण आत घेतलं.

हर्षाली, त्यांचा फ्रिज बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चीजच्या उघड्या स्लाइस लसणाच्या चटणीला खेटून! खाल्ल्या तर नुसता लसूण लागतो. आणि एक अख्खी वडी फ्रीझरमध्ये मटारांखाली गाडलेली. बाहेर काढली तर हातात भुगा. मी म्हटलं, "आत्या, फ्रीझरमधलं आता फक्त भाजीत घालायच्या कामाचं. चीज खाली ठेवायचं, भाजीच्या कप्प्यात. आधी बटर पेपरमध्ये गुंडाळायचं, मग डब्यात, झाकण थोडं सैल. प्लास्टिकमध्ये आवळून ठेवलं की त्याला घाम येतो, आणि घाम आला की बुरशी. खायच्या आधी अर्धा तास बाहेर काढून ठेवायचं, म्हणजे चव उघडते."

आत्या म्हणाल्या, "एवढे लाड मी हर्षालीचे नाही केले."

मग बुरशीचं सांगितलं. घट्ट चीज असेल तर बुरशीच्या भोवतीचा आणि खालचा चांगला बोटभर भाग कापून टाकायचा, सुरी बुरशीला लागू द्यायची नाही. मऊ असेल तर सगळंच टाकून द्यायचं. "टाकायचं? अन्न?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच बुरशी आहे.

तेवढ्यात सुलाबाई आल्या. बसायच्या आधीच सुरू. "वासराचं पोट असतं त्यात. माझ्या भाच्यानं मोबाईलवर दाखवलंय." आता मी रोज तिथे उभा असतो की त्यांचा भाचा? मी अगदी शांतपणे म्हटलं, "काकू, तुम्ही टाळ वाजवा. चीजचं मी बघतो."

सुलाबाई चहा न घेता उठून गेल्या. आत्या तर बोलूच शकल्या नाहीत. बहुतेक कौतुक वाटलं असावं.

निघताना 'यात वासरू-बिसरू काही नाही' असं ठणकावून आमच्याकडचं सगळ्यात चांगलं मुरलेलं घट्ट चीज दिलं. काउंटरवरून स्वतः कापून नेलं होतं. आता सांग, कधी येतेस?

तुझा आणि फक्त तुझा,
खंडू

ता. क. परत मऊ चीज पाठवतोय. मागचं तुला आवडलं म्हणून या वेळी दुप्पट.

*

आश्रमशाळा, ५ डिसेंबर

खंडू,

कौतुक नव्हतं ते.

आत्याशी बोलले. ती म्हणाली, "पोराला चीजमधलं कळतं. माणसांमधलं विचारू नकोस." सुलाबाई तिची कितीतरी वर्षांची मैत्रीण. दोघी दूध आणायलासुद्धा एकत्र जातात. त्या दिवसापासून सुलाबाई तिच्या दारावरून पुढे निघून जातात, हाकसुद्धा मारत नाहीत.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण तुला आडून सांगितलेलं कळत नाही. मला आत्याने वाढवलं. ती हो म्हणाली तर आपलं पुढचं बोलणं होईल. ती नाही म्हणाली तर मी तिच्याविरुद्ध जाणार नाही. रडेन, पण जाणार नाही. समजलं?

आता तिने आणखी एक विचारलंय. तू दिलेला तुकडा तिला इतका आवडलाय की तो एकादशीला चालेल का, असं विचारत होती. दूध चालतं, मीठ सैंधव असलेलं बरं, पण बाकी त्यात काय काय असतं ते नीट वाचून तिला कळव. नीट. वाचून.

मऊ चीज पोचलं. सगळे खूश.

हर्षाली

*

नाशिक, १६ डिसेंबर

हर्षाली,

हे माझं शेवटचं पत्र समज. गोदावरीच्या काठावर बसून लिहितोय. शेजारचा भजीवाला मघापासून विचारतोय, काही हवंय का. मला काही नको.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी आत्याला फोन करून सांगितलं होतं, "दूध आणि मीठ, दुसरं काय असणार? बिनधास्त खा." वाचलं नव्हतं. काल एकादशी. सकाळी दुकानात मनात आलं, एकदा बघून तर घेऊ. गोदामात त्या चीजचं खोकं होतं. त्यावर लिहिलेलं: दूध, मीठ, कल्चर, रेनेट.

कल्चर म्हणजे विरजण, ते माहीत होतं; रेनेट म्हणजे काय ते मोबाईलवर शोधलं. हर्षाली, वासराचं पोट! चौथं पोट! गायीला चार कप्प्यांचं पोट असतं हे मला इंजिनिअरिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. त्या पोटातल्या रसाने दूध गोठवतात. म्हणजे सुलाबाई खरं बोलत होत्या आणि मी त्यांना टाळ वाजवायला पाठवलं!

डोकं फिरलं. रिदा मॅडम आत दूध तापवत होत्या. तिथूनच ओरडलो, "तुम्ही लोकांना फसवता!" एप्रन काढून काउंटरवर फेकला आणि गाडीला किक मारली. मॅडम मागून काहीतरी म्हणत होत्या, ऐकलं नाही.

म्हसरूळला पोचलो तर भजन रंगात आलेलं. सगळं मंडळ बसलेलं, सुलाबाई कोपऱ्यात, आत्याशी न बोलता टाळ धरून. आत्या स्वयंपाकघरात, हातात वरईची भाकरी, वर चीज, घास तोंडात. मी दारातूनच ओरडलो, "आत्या, थांबा! थुंका!"

आत्याने माझ्याकडे बघितलं आणि गिळलं.

मग मी सगळं सांगितलं. सगळ्यांसमोर, मोठ्याने. त्यात वासरू आहे, मी न वाचता हो म्हटलं, चूक माझी. टाळ थांबले. आत्या मोरीपाशी गेल्या. चूळ भरली, हात धुतले, देव्हाऱ्यापाशी गेल्या, आणि गळ्यातली माळ काढून देवापुढे ठेवली. नवरा गेला त्या वर्षी घातलेली माळ, असं कुणीतरी मागे हळूच म्हणालं. मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. सुलाबाईंनीही तोंड उघडलं नाही, ते तर जास्तच लागलं.

"तू जा आता," एवढंच म्हणाल्या.

नोकरी गेली, आत्या गेल्या, तू तर गेलीसच. मी तुझ्या लायक नाही. भजी घेतली शेवटी, पण गिळवत नाहीत.

खंडेराव

*

आश्रमशाळा, १८ डिसेंबर

खंडेराव,

टेकडी चढून आत्याला फोन केला. बारशीला तिने उपास सोडलाच नाही. केळी आणि पेरू खाऊन आहे. "सोडू कशावर? गळ्यात माळ नाही," म्हणते. माझा आवाज चढला तर मलाच समजावते, की पोराने सांगितलं तरी, दुसरा असता तर गप्प बसला असता.

मी तुझ्यावर इतकी चिडले आहे की हे पत्र तुझ्यासारखं ओरडून लिहायला हवं, पण नाही.

एक प्रश्न आहे. 'रेनेट'च्या पुढे काय लिहिलं होतं?

आणि दुसरा. त्या खोक्यावर चौकटीत ठिपका कुठल्या रंगाचा होता? इथे शाळेत पोषण आहाराचं सामान उतरवताना आम्ही आधी तोच बघतो. हिरवा गोल असला तर शाकाहारी, तपकिरी त्रिकोण असला तर नाही. तू तो बघितला नाहीस, हे मला इथे बसून दिसतंय. एक शब्द वाचलास, डोकं फिरलं, गाडीला किक. कॉलेज अर्धं सोडलंस, आता लेबलसुद्धा?

परत जा. रिदा मॅडमची माफी माग. उरलेलं वाच. हिरवा निघाला तर आत्याला सांग. तपकिरी निघाला तर तेही तूच सांग, आणि या वेळी दारातून नाही, आत जाऊन, बसून.

ह.

*

नाशिक, २३ डिसेंबर

हर्षाली,

गेलो. वाकलो. मॅडमनी पाया पडू दिलं नाही. खोकं आणून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "मोठ्याने वाच."

"दूध, मीठ, कल्चर, रेनेट."

"थांबलास का? पुढे."

पुढे ओळ दुमडली होती, खोक्याच्या बाजूवर गेली होती. तिथे लिहिलेलं, मायक्रोबियल. आणि त्याच्या खाली, चिकटपट्टीच्या आड, हिरवा ठिपका.

मॅडमनी सांगितलं ते असं. दूध गोठवायला काहीतरी लागतंच. जुनी पद्धत वासराच्या पोटातल्या रसाची, पण आता बऱ्याच ठिकाणी तेच काम एका जातीच्या बुरशीपासून टाकीत तयार केलेला रस करतो, तोच मायक्रोबियल. आपल्याकडचं बहुतेक चीज त्याचंच. म्हणाल्या, "खंडेराव, हे चीज माझी अम्मी रोज खाते. जनावराचं असतं तर हलाल आहे का, हे विचारल्याशिवाय तिने बोटसुद्धा लावलं नसतं. तुझी आत्या आणि माझी अम्मी एकच ठिपका बघतात." मला म्हणायचं होतं, ती माझी आत्या नाही, अजून. पण म्हटलं नाही.

मग वेगळा ट्रे दाखवला. बाहेरच्या देशातलं एक चीज त्यात असतं, तपकिरी त्रिकोणवालं. त्याची सुरी वेगळी, पाटही वेगळा. मी महिनोन् महिने ती सुरी धुतोय आणि वेगळी का, हे कधी विचारलं नाही. म्हणजे सुलाबाई खोट्या नव्हत्या. उपासाचंही विचारून घेतलं. अख्खी वडी असेल तर आत पीठ-बीठ काही नाही. किसलेलं पाकीट असेल तर चिकटू नये म्हणून स्टार्च लावलेला असतो, तेव्हा कशाचा आहे ते वाचायचं. बटाट्याचा असेल तर आत्याला चालेल, मक्याचा असेल तर नाही! एवढं ऐकून मॅडम म्हणाल्या, "जा आता. उद्या ये, एप्रन धुवून."

ते खोकं काखेत मारून म्हसरूळला गेलो. आत गेलो. बसलो. बाजू दाखवली, ठिपका दाखवला, सगळं सांगितलं.

आत्याने खोकं हातात घेऊन ठिपका जवळून बघितला. मग म्हणाल्या, "म्हणजे मी आठवडाभर उगाच केळी खाल्ली?"

"हो."

"आणि तू सगळ्यांसमोर बोंबललास ते खोटं?"

"खोटं नाही, अर्धं."

मी म्हटलं, मग घाला माळ. तर म्हणाल्या, "माळ आपल्या हाताने घालायची नसते. माळकऱ्याच्या हातून घ्यायची. आमच्यात हाच नियम." आजूबाजूला माळकरी कोण? "सुला," म्हणाल्या, "बोलाव तिला." मी म्हटलं, फोन लावतो. "नाही. जा आणि घेऊन ये. तू घालवलीस."

सुलाबाईंचं दार तिसऱ्या गल्लीत. जाळीच्या आडून म्हणाल्या, "कोण? पिझ्झावालं पोरगं?" हर्षाली, तू समोर असतीस तर तुला माझ्या कपाळावरची शीर दिसली असती. पण मी पत्र लिहिताना थांबतो तसा थांबलो.

म्हटलं, "काकू, तुमचं बरोबर होतं. काही चीजमध्ये ते असतं. मी न वाचता तुम्हाला बोललो."

"आणि वत्सलाच्या चीजमध्ये?"

"त्यात नाही."

"म्हणजे मी अर्धी बरोबर."

"हो."

"आणि तू?"

"मीपण अर्धाच."

जाळी उघडली. "चल मग. दोघं मिळून एक माणूस तरी पुरा होतोय."

त्या आल्या, हातपाय धुतले, देवापुढची माळ उचलून आत्याच्या गळ्यात घातली. दोघी एकमेकींच्या पाया पडल्या, मग कोण मोठं यावर भांडल्या, मग रडल्या. मी भिंतीकडे बघत होतो. मग सुलाबाई म्हणाल्या, "दाखव रे तो ठिपका." दाखवला. डब्यातला तुकडा तोंडात टाकला. "खारट आहे," म्हणाल्या, आणि दुसरा घेतला.

आता पुढचं मला माहीत नाही. आत्या मला काही बोलल्या नाहीत. दारापर्यंत आल्या, एवढंच. तू सांग. काहीही सांग, पण लवकर.

खंडू

*

आश्रमशाळा, २९ डिसेंबर

प्रिय खंडू,

(बघितलंस?)

आधी माझं सांगते. तू पाठवलेलं मऊ चीज मी एकदाही खाल्लं नाही. मला दूध पचत नाही, लहानपणापासून. पोट धरून बसावं लागतं. तू इतक्या उत्साहाने बर्फ बांधून पाठवत होतास की सांगवेना. सगळं रंगूबाईंनी आणि मुलींनी संपवलं. मी 'मुलींना आवडलं', 'सगळे खूश' असं लिहीत होते आणि तू ते 'तुला आवडलं' असं वाचत होतास. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या ताजं मऊ टाळ, पण मुरलेल्या घट्ट चीजमध्ये दुधातली साखर जवळजवळ उरत नाही, ते थोडं खाऊन बघ. आत्या जे खाते तेच. नशीब बघ, मला चालणारं चीज तू आत्याला दिलंस आणि न चालणारं मला.

आता आत्याचं. काल टेकडीवर थंडीत उभी राहून विचारलं. म्हटलं, "आत्या, तुला काय वाटतं?"

म्हणाली, "तापट आहे."

म्हटलं, "आहे."

"उतावळा आहे. सुलाशी नीट बोलला नाही. शिक्षण अर्धं."

रेंज जाईल अशी भीती वाटत होती, आणि जावी असंही.

मग म्हणाली, "पण हर्षा, या पोराने न केलेला गुन्हा चारचौघांत कबूल केला. नोकरीवर पाणी सोडून. जो न केलेला लपवत नाही, तो केलेला काय लपवणार? माझ्या उभ्या संसारात मला हे माझ्या माणसाकडून मिळालं नाही."

आणि नंतर, "मोठ्याने येतो राग त्याचा. बरं आहे, घरभर शोधत फिरावं लागणार नाही."

तेव्हा मी रविवारी येते आहे. आई-बाबांना घेऊन आत्याकडे ये. बोलणी सुलाबाईंसमोर होणार, ही आत्याची अट. माझी अट वेगळी. मोठी माणसं बोलत असताना तू गप्प बसायचंस. सुलाबाई काहीही म्हणाल्या तरी. जमेल का? आत्तापासून सराव कर.

तुझी,
हर्षाली

*

नाशिक, १ जानेवारी

प्रिय हर्षाली,

बरं.

खंडू

ता. क. पण आई-बाबांसमोर त्या पुन्हा 'पिझ्झावालं पोरगं' म्हणाल्या तर?

ता. क. नाही. गप्प बसतो.